विश्लेषण : गोळी घेतली, तरी जंत पुन्हा का होतात?

शाळेत, अंगणवाडीत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी आता घराघरांत ओळखीची आहे. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी 1 ते 19 वर्षांच्या मुलांना ती मोफत दिली जाते. दोन वर्षांखालील बाळाला अर्धी, पुढे 400 मिलिग्रॅमची पूर्ण. तरीही अनेक मुलांना जंत पुन्हा होतात. शिरोली एमआयडीसीसारख्या कामगारवस्तीत हा प्रश्न केवळ गोळीचा उरत नाही.

जंत येतात कुठून?
गूळ-साखर खाल्ल्याने जंत होतात, हा गैरसमज. गोल जंताची मादी दिवसाला सुमारे 2 लाख अंडी घालू शकते. विष्ठेतून मातीत पडलेली अंडी दोन-तीन आठवड्यांनी संसर्ग करण्याजोगी होतात आणि हात, न धुतलेली भाजी किंवा पाण्यावाटे पोटात जातात. तिथून अळीचा प्रवास विचित्र आहे. आतड्याची भिंत भेदून ती यकृतात, मग फुप्फुसांत जाते, घशाशी येते, गिळली जाते आणि पुन्हा आतड्यात येऊन वाढते. त्यामुळे काहींना सुरुवातीला नुसता खोकला येतो.

गोळी कुठे कमी पडते?
ती आतड्यातले जंत मारते. मातीतली अंडी तशीच राहतात, तीही कित्येक वर्षे.

शिरोलीत अडचण काय?
इथल्या फाउंड्रींत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले कामगार आहेत. कारखाने एमआयडीसीत, भाड्याच्या खोल्या मात्र आसपासच्या गावांत, म्हणजे संडास, गटारांचा प्रश्न ग्रामपंचायतीच्या दारी. शाळाबाह्य मुलांनाही अंगणवाडीत गोळी मिळायला हवी, असे मोहिमेचे धोरण सांगते. पण कुठल्याच पटावर नाव नसलेले मूल शोधायचे कोणी? 19 वर्षांवरचा कामगार तर मोहिमेत बसतच नाही. त्यात पंचगंगेचा पूर. 2019 आणि 2021 मध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. अशा पुरात संडासाच्या टाक्यांतला मैला पाण्यात मिसळतो आणि गाळासोबत अंगणात येतो. किती गोळ्या वाटल्या, हे मोजणे सोपे. किती खोल्यांमागे एक संडास आहे, हे मोजायला हवे.

पालकांनी काय करावे?
गोळी चावून खायला द्यावी, लहानग्यांना चुरा करून पाण्यातून. मूल त्या दिवशी आजारी असेल, तर देऊ नये. पोट फुगून हिरवट उलट्या होत असतील, तर जंतांच्या गुंत्याने आतडे अडले असू शकते. तेव्हा घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे. नाव पटावर नसलेल्या मुलासाठी आशा किंवा अंगणवाडी सेविकेशी बोलावे.