फोडणीचा धूर आणि रात्रीचा धूर

काही वर्षांपूर्वी माझा धाकटा दीर मुंबईहून येताना एक बशीएवढी पांढरी डबी घेऊन आला. धुराचा अलार्म. “वहिनी, धूर झाला की ही ओरडते,” म्हणाला. आता धूर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येणार? स्वयंपाकघरच! मोठ्या हौसेनं आम्ही ती बरोबर गॅसच्या डोक्यावर लावली. दुसऱ्याच दिवशी ठेच्यासाठी मिरच्या भाजायला घेतल्या आणि जी काही बोंब सुरू झाली, की सासूबाई पूजा अर्धी टाकून धावत आल्या. शेजारच्या काकू गच्चीवरून “काय गं, काय झालं?” म्हणून विचारू लागल्या. आठवड्यात तीन-चारदा असं झाल्यावर ह्यांनी स्टुलावर चढून डबीतले सेल काढले, टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले आणि डबी शोकेसच्या खणात गेली. आम्ही सगळे हसलो. मी तर भिशीत हा किस्सा रंगवून सांगितला.

पुढच्या नवरात्रात हसू मावळलं. आमचं देवघर सासूबाईंच्या खोलीत. घट बसलेले, अखंड दिवा तेवत होता. रात्री दोनच्या सुमारास मी पाणी प्यायला उठले, तर त्यांच्या दाराच्या फटीतून धूर येत होता. दार उघडलं तर खोलीत समोरचं दिसेना. वातीची काजळी झाडताना ठिणगी पडली असावी, ती चौरंगाजवळच्या गोधडीच्या घडीत शिरली होती. ज्वाळा कुठेच नव्हती, गोधडी आतल्या आत धुमसत होती. आणि सासूबाई? शांत झोपलेल्या! ह्यांनी त्यांना उचलूनच बाहेर आणलं. दोन दिवस दवाखान्यात ऑक्सिजनवर होत्या. घरी आल्यावर शोकेसचा खण उघडायला गेले, तेव्हा माझे हात थरथरत होते.

एवढा धूर होऊनही त्यांना वासानं जाग कशी आली नाही, हा प्रश्न मला कितीतरी दिवस छळत होता. आपण समजतो, जळका वास आला की जाग येईलच. पण झोपेत माणसाचं नाकही झोपतं, कान मात्र जागे असतात. शिवाय धुमसणाऱ्या कापडाच्या, गादीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो माणसाला आणखीच गुंगी आणतो. घराला लागलेल्या आगीत बहुतेक वेळा ज्वाळेच्या आधी धूरच जीव घेतो.

म्हणजे आमची चूक अलार्म घेण्यात नव्हती, जागेत होती. दिवसा फोडणीच्या धुरापाशी आपण स्वतःच उभ्या असतो. आपल्याला डबीची गरज कशाला? गरज आहे ती सगळं घर झोपलेलं असताना. म्हणून ही डबी झोपायच्या खोलीत आणि खोलीबाहेरच्या बोळात हवी, शेगडीपासून निदान दहा फूट लांब. धूर वर चढतो, म्हणून छताला लावावी. भिंतीवर लावायची तर छतापासून चार ते बारा इंच खाली. अगदी कोपऱ्यात किंवा पंख्याच्या वाऱ्यात नको. पत्र्याचं घर असेल तर तापलेल्या पत्र्याला चिकटवू नका, भिंत बरी.

घेताना डबीवर ‘फोटोइलेक्ट्रिक’ किंवा ‘ऑप्टिकल’ हा शब्द शोधा. ह्याचं आतलं काम समजायला सोपं आहे. कौलाच्या फटीतून कवडसा आला की त्यात एरवी न दिसणारी धूळ कशी चमकते? तसाच एक प्रकाशाचा झोत डबीत असतो. धूर आत शिरला की तो प्रकाश विखुरतो, डोळ्यासारख्या एका भागावर पडतो आणि डबी ओरडते. गोधडी, गादी, सोफा धुमसत असेल तर हा प्रकार लवकर जागा होतो. दुसरा ‘आयोनायझेशन’ प्रकार भडकलेली ज्वाळा लवकर ओळखतो, पण धुमसण्याला उशीर लावतो आणि पोळी करपली तरी ठणाणा करतो. उदबत्ती, समई, डासांची कॉइल, आणि आता रात्रभर चार्जिंगला लावलेली स्कूटर... आपल्या घरांना पहिलाच बरा. (ती स्कूटर मात्र झोपायच्या खोलीत किंवा बाहेर पडायच्या दाराशी लावू नका, हे अलार्म असला तरी सांगते.)

दुकानात आणखी एक फसगत होते. मोठ्या इमारतीतल्या यंत्रणेला वायरनं जोडायच्या डब्याही अशाच दिसतात. त्यांना स्वतःचा आवाजच नसतो! म्हणून “सेलवर चालणारा, स्वतः वाजणारा” असं स्पष्ट सांगून मागा. सेलवरचा असला की वीज गेली तरी चिंता नाही. तपासणीचं बटण हवं, बनवल्याची तारीख हवी, कारण दहा वर्षांनी डबी बदलावी लागते. अधूनमधून नुसतं ‘टिक’ वाजलं तर सेल संपत आलाय, तो बदला. काढून रिमोटमध्ये घालू नका!

गॅसगळतीचं यंत्र वेगळं असतं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. छतावरच्या धुराच्या डबीला त्याचा पत्ताही लागणार नाही. ते यंत्र सिलिंडरजवळ, जमिनीपासून फूटभर उंचीवर लावतात. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालू-बंद काहीच करू नका, रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा.

हे सगळं मी आमच्या बचत गटात सांगितलं, तेव्हा एका भाजीवाल्या ताईनं विचारलं, “वाजला समजा, मग पळायचं कुठून? रात्री तर जाळीच्या दाराला कुलूप असतं.” मी गप्पच झाले. खिडक्यांना गज, दाराला जाळी, जाळीला कुलूप आणि किल्ली ह्यांच्या पँटच्या खिशात! चोराच्या भीतीनं आपण स्वतःलाच कोंडून घेतो. त्या दिवशी बैठकीत दुसरं कामच झालं नाही. प्रत्येकीनं आपली किल्ली रात्री कुठे असते ते सांगितलं. अठरा जणींपैकी सहाजणींना माहीतच नव्हतं.

इंग्लंडमध्ये २०१५ पासून भाड्याच्या घरात मजल्यागणिक धुराचा अलार्म लावणं घरमालकाला बंधनकारक आहे. आपल्याकडे साध्या घराला असं कुणी विचारायला येत नाही. ते आपल्यालाच करावं लागणार, आणि खर्च म्हणाल तर एका बऱ्यापैकी साडीचा.

आमची नवी डबी आता सासूबाईंच्या पलंगाजवळच्या भिंतीवर, देवघरापासून जरा दूर आहे, आणि दुसरी आमच्या खोलीबाहेर. वय झालं की असा बारीक, चिरका आवाज नीट ऐकू येत नाही, म्हणून त्यांची डबी वाजली की बाहेरचीही वाजते, अशा जोडीच्याच घेतल्या. जाळीची किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला, अंधारातही हाताला लागेल अशी. महिन्यातून एकदा बटण दाबून बघायचं असतं, ते काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय. संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघताना त्या काठीच्या टोकानं बटण दाबतात आणि घरभर आवाज घुमला की विचारतात, “आलं का गं ऐकू?”