विश्लेषण : ठोकळ्यांचा देवगिरी उभारायचा, पण कोणत्या सालचा?

दिवाळी आली की छत्रपती संभाजीनगरच्या वसाहतींत, सोसायट्यांच्या आवारात आणि शाळांच्या पटांगणात किल्ले उभे राहतात. दगड-विटांचा ढीग, त्यावर भिजवलेले बारदान, वरून मातीचा लेप, उतारावर पेरलेली मोहरी किंवा हळीव, माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज आणि वाटेवर मावळे, ही मांडणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आता मातीच्या जोडीला लेगोसारखे प्लास्टिकचे ठोकळेही आले आहेत. परदेशात प्रौढ हौशी मंडळी हजारो ठोकळ्यांचे मध्ययुगीन किल्ले रचून ते जाहीर प्रदर्शनात मांडतात. त्यांची छायाचित्रे पाहणाऱ्या इथल्या मुलांनाही तसे काही करावेसे वाटते. ही हौस चांगलीच आहे. मात्र असा किल्ला लोकांसमोर मांडायचा, तर तो किती उंच झाला आणि त्याला किती ठोकळे लागले एवढ्यावर त्याचे मोल ठरू नये. तो किल्ला लढत कसा होता आणि पडला कसा, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे. या शहरासाठी त्याचे सर्वांत चांगले उदाहरण अवघ्या १५ किलोमीटरवर उभे आहे.

ठोकळ्यांचा खेळ आला कुठून?

डेन्मार्कमधील बिलुंड या गावात ओले कर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ मध्ये खेळणी बनवायला सुरुवात केली. ‘छान खेळा’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून ‘लेगो’ हे नाव पडले. वर गोल खुंट्या आणि आत नळ्या असलेल्या, एकमेकांत घट्ट बसणाऱ्या आजच्या ठोकळ्याचे पेटंट २८ जानेवारी १९५८ रोजी नोंदवले गेले. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यातही बसतो. किल्ल्याचा मोठा संच १९७८ मध्ये आला. तो पिवळ्या रंगाचा होता, कारण राखाडी ठोकळ्यांतून मुले रणगाडे बनवतील अशी धास्ती कंपनीला होती, असे सांगितले जाते. पेटंटची मुदत केव्हाच संपली असल्याने त्याच मापाचे ठोकळे आज अनेक कंपन्या बनवतात. आठ खुंट्यांचे एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे ९१ कोटींहून अधिक प्रकारांनी जोडता येतात, हे गणित या खेळाची ताकद सांगायला पुरेसे आहे.

मोठा किल्ला रचताना खरी अडचण कोणती?

पहिला प्रश्न प्रमाणाचा. या खेळातला छोटा माणूस सुमारे चार सेंटीमीटर उंच असतो. त्याला शोभेल असा किल्ला रचायचा तर प्रमाण साधारण १:४२ धरावे लागते. देवगिरीचा डोंगर पायथ्यापासून सुमारे २०० मीटर उंच आहे. या प्रमाणात तो पावणेपाच मीटरच्या आसपास जाईल, म्हणजे कोणत्याही सभागृहाच्या छताला भिडेल. १:२०० हे प्रमाण घेतले, तर डोंगर एक मीटरचा होतो. एका ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर असते, म्हणजे १०४ थर लागतात. या प्रमाणात एक थर म्हणजे प्रत्यक्षातले जवळपास दोन मीटर, साधारण एक पुरुष उंची. मुलांना हिशेब समजावायला हे सोपे पडते.

दुसरा प्रश्न संख्येचा. आठ खुंट्यांच्या ठोकळ्यांनी एक चौरस मीटरचा एकच थर भरायचा, तर सुमारे १,९५० ठोकळे लागतात. म्हणून जाणकार कधीही भरीव डोंगर रचत नाहीत. आत खांब आणि आडव्या पट्ट्यांचा सांगाडा, बाहेर फक्त कातळाचे कवच अशी रचना करतात. संपूर्ण किल्ला सुट्या, उचलता येतील अशा भागांत बांधतात आणि प्रदर्शनाच्या जागी नेऊन जोडतात. भिंत रचताना नियम गवंड्याचाच असतो. खालच्या थराचा सांधा वरच्या ठोकळ्याखाली झाकला गेला पाहिजे. सांध्यावर सांधा आला की भिंत उभी चिरते, मग ती मातीच्या विटेची असो वा प्लास्टिकची. चौकोनी ठोकळ्यांतून गोल बुरूज काढणे हे आणखी वेगळे कसब.

देवगिरीच का?

पाठ्यपुस्तकांत आणि दिवाळीच्या अंगणात रायगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग हे किल्ले ओळखीचे आहेत. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यावर त्यांची ओळख आणखी वाढली, आणि ते योग्यच आहे. त्या यादीत देवगिरी नाही, कारण ती यादी मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेची आहे. पण किल्ला म्हणजे बचावाचे यंत्र असते, हे शिकायचे असेल तर देवगिरीसारखा गुरू नाही.

डोंगराचा खालचा सुमारे ५० मीटरचा भाग तासून उभा कडा केलेला आहे. १:२०० च्या प्रमाणात हा कडा २६ थरांचा होतो. कड्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेला खंदक आहे आणि तो ओलांडायला एकच अरुंद वाट. पुढे ‘अंधेरी’ हा वळणावळणाचा काळोखा भुयारी मार्ग. त्याच्या वरच्या तोंडाशी आग पेटवून धूर आणि उष्णता खाली सोडण्याची सोय होती. बाहेरून आत अंबरकोट, महाकोट आणि कालाकोट अशा तटबंदीच्या ओळी येतात. १४व्या शतकात इथे आलेल्या इब्न बतूताने कातळावरच्या या दुर्गात चढायला चामड्याची शिडी होती आणि ती रात्री वर ओढून घेत, असे लिहून ठेवले आहे. इथल्या कोठडीतले उंदीर मांजरांपेक्षा मोठे होते, असेही तो सांगतो. मुलांना ही गोष्ट एकदा सांगावी. ती विसरली जात नाही.

कोणत्या सालचा किल्ला?

दिवाळीच्या किल्ल्यांत सहसा न विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. यादव राजा पाचव्या भिल्लमाने १२व्या शतकाच्या अखेरीस देवगिरीला राजधानी केली. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी चालून आला, तेव्हा गडावर रामचंद्रदेव यादव होता. त्या वेळी तोफा नव्हत्या, चांदमिनार नव्हता, मलिक अंबरच्या नावाने ओळखला जाणारा अंबरकोटही नव्हता. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणली आणि नाव दौलताबाद ठेवले. चांदमिनार १५व्या शतकातला, बहमनी सुलतान अलाउद्दीनच्या काळातला. पुढे निजामशाही आली, १६३३ मध्ये मोगलांनी गड घेतला, वरची बारादरी त्यानंतरची. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा इथल्या चिनी महालात कैदेत होता. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर गड काही काळ मराठ्यांकडे आला आणि नंतर पुन्हा निजामाकडे गेला. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी याच गडावर किल्लेदार होते.

म्हणजे रामदेवरायाच्या देवगिरीवर मेंढा तोफ ठेवली, की प्रतिकृती सुंदर असूनही खोटी ठरते. इथे ठोकळे मातीपेक्षा सरस आहेत. ते काढता-घालता येतात. मिनार, बारादरी आणि बाहेरचा कोट सुटे केले, तर एकाच प्रतिकृतीतून १२९६, १४५० आणि १६३६ असे तीन किल्ले दाखवता येतात. डोंगराचा एक तुकडा उघडता आला, तर आतली अंधेरी दिसते. मातीच्या किल्ल्यात हे जमत नाही.

गड पडला कशामुळे?

प्रदर्शनात सर्वाधिक दाद मिळते ती उंचीला, रोषणाईला आणि मावळ्यांच्या संख्येला. देवगिरीचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. इतक्या अवघड कड्याचा हा गड दोनदा पडला, पण कोणी कडा चढून आले म्हणून नव्हे. १२९६ मध्ये गडावर नेलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, अशी हकिकत परंपरेने सांगितली जाते. १६३३ मध्ये महाबतखानाच्या वेढ्यात गडावर उपासमार झाली आणि मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याने गड सोडला. दोन्ही वेळा निकाल लागला तो कोठारात.

१८व्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे आलेल्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात पाण्याची सोय आधी पाहावी, दरवाजा सहज माऱ्यात येऊ नये, एकाच दरवाजावर अवलंबून राहू नये, जवळच्या उंच टेकडीचा बंदोबस्त करावा, अशा सूचना आहेत. स्पर्धेच्या परीक्षकांना यापेक्षा चांगली गुणपत्रिका कुठे मिळणार? पाणी कुठे साठवले, धान्य कुठे ठेवले, शत्रू कोणत्या वाटेने येईल आणि तो कुठे अडेल, या चार प्रश्नांना निम्मे गुण द्यावेत. उत्तर फलकावर लिहून चालणार नाही. ज्याने किल्ला रचला त्याने ते तोंडी सांगावे. मग पालकांनी रात्री जागून पूर्ण केलेला किल्ला आणि मुलांनी स्वतः रचलेला किल्ला यांतला फरक पाच मिनिटांत कळेल.

प्लास्टिक आणि पैसा, यांचे काय?

ठोकळ्यांवरचे दोन आक्षेप खरे आहेत. पहिला, माती फुकट असते आणि ठोकळे महाग. केंद्र सरकारने खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केले. जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएस प्रमाणपत्र सक्तीचे झाले. देशी उत्पादकांना यातून बळ मिळते, पण परदेशी संच सामान्य घराच्या आवाक्याबाहेरच राहतात. स्पर्धेत ठोकळ्यांची संख्या मोजली, तर स्पर्धा पालकांच्या खिशांची होईल. दुसरा आक्षेप, माती कालवण्यात जे शिकणे आहे ते प्लास्टिकमध्ये नाही. ओल किती, उतार किती, भार किती, हे मातीच सांगते. दिवाळी संपली की माती जमिनीत मिसळते, प्लास्टिक मिसळत नाही.

यावर उपाय आहे आणि तो फार खर्चाचा नाही. ठोकळे घराघरांत नकोत, सामाईक असावेत. शाळा, वाचनालय किंवा एखाद्या वसाहतीने एकच साठा करावा, प्रदर्शन संपले की किल्ला मोडून ठोकळे पुन्हा पेटीत जावेत आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलांनी ते वापरावेत. ठोकळा वर्षानुवर्षे टिकतो, हा त्याचा दोष इथे गुण ठरतो. डोंगर मातीचा आणि वास्तू ठोकळ्यांच्या, असा मेळही घालता येईल. घरोघरचे मातीचे किल्ले बंद करण्याचे त्यात काहीच कारण नाही. जाहीर प्रदर्शनाचे काम वेगळे आहे. तिथे अनोळखी माणसाला काहीतरी समजावून द्यायचे असते.

काम लोकांसमोर का चालावे?

फ्रान्समधील बर्गंडी भागात गेदेलों येथे १९९७ पासून १३व्या शतकाच्या पद्धतीने एक खराखुरा किल्ला बांधला जात आहे. यंत्रे नाहीत. दगड तिथेच फोडतात, लाकूड तिथेच तासतात. लोक तिकीट काढून हे अर्धवट काम पाहायला येतात. पूर्ण झालेला किल्ला पाहून माणूस थक्क होतो, अर्धा झालेला पाहून प्रश्न विचारतो. ठोकळ्यांचा देवगिरीही असाच लोकांसमोर आठ दिवस रचला जावा. शेवटच्या दिवशी पडदा उघडण्यापेक्षा त्यात अधिक लाभ आहे.

त्याआधी मुलांना वही-टेप देऊन प्रत्यक्ष गडावर न्यावे. अनेक कुटुंबांसाठी हा गड वेरूळला जातानाचा तासाभराचा थांबा आणि चांदमिनारापुढचे छायाचित्र एवढाच उरला आहे. खंदकाची वाट किती पावलांची, अंधेरीत वळणे किती, पाण्याची टाकी कुठे, हे मोजून आलेली मुले जो किल्ला रचतील तो कदाचित कमी उंचीचा असेल. बक्षीस मात्र त्यालाच मिळावे.