माया मोजून करावी

माझी बहीण लग्नानंतर इंग्लंडला गेली. तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात तिने फुशियाची कुंडी बागेतून घरात आणली. कानातल्या डुलांसारखी लोंबणारी लाल-जांभळी फुले येणारे हे झुडूप मूळचे मुख्यतः मध्य व दक्षिण अमेरिकेतले. तिने ते दिवाणखान्यात हीटरजवळ ठेवले आणि रोज पाणी घातले. जानेवारीत ते मेले. “थंडीपासून वाचवले, तरी कसे रे गेले?” असे तिने मला विचारले. माझे स्पष्ट मत असे, की ते न मोजलेल्या मायेने गेले.

कुंडी आत आणली, हे योग्यच झाले. बागेतल्या झाडाच्या मुळांना जमिनीत साठलेल्या उष्णतेचा आधार असतो. कुंडीला मात्र चारी बाजूंनी थंडी लागते. पेशींबाहेरच्या पाण्याचे बर्फ झाले, की ते पेशींतले पाणी ओढून घेते आणि नाजूक जाती मरतात. चूक झाली ती त्यानंतर.

बाहेरची ० अंश से. तापमानाची हवा बाष्पाने संपृक्त असली, तरी तिच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ५ ग्रॅमच बाष्प असते. २० अंशांना मात्र तेवढीच हवा सुमारे १७ ग्रॅम बाष्प सामावू शकते. म्हणजे हीटरने तापवलेल्या खोलीत सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास येते आणि पाने सुकू लागतात.

दुसरी गोष्ट जमाखर्चाची. तापमान १० अंशांनी वाढले, की वनस्पतीचे श्वसन साधारणपणे दुप्पट होते. म्हणजे साठवलेले अन्न भराभर खर्च होते. हिवाळ्यात खोलीतला उजेड तोकडा, त्यामुळे प्रकाशसंश्लेषणाची जमा नगण्य. त्यातच रोजचे पाणी! पाने गळालेले झाड पाणी फारसे ओढत नाही. चिखलात हवा उरत नाही आणि मुळे कुजतात.

मग करावे काय? ४ ते ७ अंश तापमान राहील, पण गोठणार नाही, अशी गॅरेजसारखी जागा निवडावी. पाने गळालेल्या झाडाला तिथला अंधारही चालतो. माती पार कोरडी पडणार नाही, इतपतच पाणी द्यावे. वसंतात कुंडी उजेडात आणून छाटणी करावी. पुढच्या हिवाळ्यात बहिणीने नवी कुंडी गॅरेजमध्ये ठेवली, शेजारी तापमापक टांगला. मार्चमध्ये त्या काटक्यांना कोंब फुटले!

“वनस्पतींना उष्णता, प्रकाश व पाणी लागते,” हे वाक्य बहिणीलाही शाळेत पाठ होते. त्यावर गुण मिळतात, झाड जगत नाही. म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे, की अशा प्रत्येक वाक्यापुढे मुलांना “किती?” असे विचारायला लावावे.

तुमच्या घरी फुशिया नसेल, पण कुंडीत तुळस तर असेल? उद्या तिला पाणी घालण्याआधी मातीत बोट खुपसून पाहा. वरचा थर अजून ओला असेल, तर तांब्या खाली ठेवा.