विद्यावेतन संपलं, प्रश्न तसाच

‘सध्या काय चालू आहे?’ हा प्रश्न आपल्याकडे लग्नात, तेरवीत, एसटीत, कुठेही विचारला जातो. त्याचं उत्तरही ठरलेलं असतं: ‘तयारी करतोय.’ कशाची तयारी आणि किती वर्षांपासून, हे समोरचा फार खोदून विचारत नाही, कारण त्याच्या घरातही एक जण तेच करत असतो. अनसिंगसारख्या गावात बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेली अख्खी पिढी या एका शब्दामागे उभी आहे. पहाटे पोलीस भरतीसाठी रस्त्यावर धावणारी, दुपारी पुस्तकं घेऊन बसणारी आणि सोयाबीन सोंगणीला आलं की वावरात उतरणारी. ‘तयारी’ हे बेरोजगारीला आपणच दिलेलं सभ्य नाव आहे.

तयारी करणाऱ्याला नोकरी नसते, पण मत असतं. म्हणूनच सत्तेवरचा माणूस बेरोजगारीवर काय उत्तर देतो, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पेपरपुरता राहत नाही. त्याची खुर्ची त्या उत्तरावर टिकू किंवा जाऊ शकते. आणि ते उत्तर कसलं आहे, यावर आपली पुढची पाच-दहा वर्षं अवलंबून असतात. दोन्ही बाजूंनी बरंच काही पणाला लागलेलं असतं.

२०२४ चा महाराष्ट्र आठवून बघा. लोकसभेत राज्यातल्या ४८ पैकी फक्त १७ जागा महायुतीला मिळाल्या आणि ३० महाविकास आघाडीला. आपल्या यवतमाळ-वाशीम मतदारसंघातही सत्ताधाऱ्यांचा उमेदवार पडला. त्या निवडणुकीआधी लोकनीती-सीएसडीएसने देशभर केलेल्या पाहणीत २७ टक्के मतदारांनी बेरोजगारी हा सगळ्यात मोठा मुद्दा सांगितला होता. महागाई त्याच्या खाली, २३ टक्क्यांवर होती. निकालानंतर महिनाही झाला नाही तोच २८ जूनला राज्याचा अर्थसंकल्प आला. त्यात ‘लाडकी बहीण’ आली आणि मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही आली. पुढे पंढरपुरात आषाढीच्या दिवशी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी तिचा पुकारा केला आणि लोकांनी तिला ‘लाडका भाऊ’ नाव देऊन टाकलं. बारावी झालेल्याला महिन्याला ६ हजार, आयटीआय किंवा पदविका असलेल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार. मुदत ६ महिने. उद्दिष्ट वर्षाला १० लाख प्रशिक्षणार्थींचं. विधानसभेचं मतदान झालं २० नोव्हेंबरला. म्हणजे अर्थसंकल्प ते मतदान, पाच महिन्यांपेक्षा कमी अंतर.

निकाल आपल्याला माहीत आहे. महायुतीने विधानसभा प्रचंड बहुमताने जिंकली. त्या यशात ‘लाडकी बहीण’चा वाटा किती, ‘लाडका भाऊ’चा किती, बाकीच्या कारणांचा किती, हे कुणालाच काट्यावर तोलून सांगता येणार नाही. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंच्या जाहीरनाम्यांत स्पष्ट दिसली. आघाडीने बेरोजगार तरुणांना महिन्याला ४ हजारांपर्यंत मदत देऊ म्हटलं, भाजपने २५ लाख रोजगार आणि १० लाख विद्यार्थ्यांना महिन्याला १० हजारांचं विद्यावेतन देऊ म्हटलं. भांडण आकड्याचं होतं. तरुणाला ठरावीक मुदतीचे पैसे द्यायचे, यावर दोघांचंही एकमत झालं होतं.

मग त्या ६ महिन्यांचं काय झालं? आपल्या भागात मोठे कारखाने नाहीत, त्यामुळे इथल्या पोरांना प्रशिक्षण मिळायचं ते मुख्यतः ग्रामपंचायत, शाळा, तहसील अशा सरकारी ठिकाणी. तिथे आधीच माणसं कमी. प्रशिक्षणार्थी आला की त्याच्याकडे ऑनलाइन नोंदी, दाखले, वर्ग सांभाळणं अशी खरी कामं येतात. काम खरं, गरज खरी, फक्त पद नाही. ६ महिने संपले तेव्हा ‘आम्हाला कायम करा’ म्हणत प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले. सरकारने मुदत ५ महिन्यांनी वाढवली. ११ महिने झाल्यावर प्रश्न परत तिथेच. योजनेत कायम नोकरीची हमी कधीच नव्हती हे कागदावर बरोबर आहे. पण ऑफिसात टेबल दिलं, काम दिलं, साहेबांनी नावाने हाक मारली, की माणसाच्या मनात आशा तयार होणारच. ती आशा निवडणुकीच्या आधी तयार झाली आणि निवडणुकीनंतर मोडली. राजकारणाचं गणित यात चोख बसलं. तरुणाचं गणित मात्र अर्धवट राहिलं.

इथे कुणी म्हणेल, काहीच न मिळण्यापेक्षा १० हजार बरे नाहीत का? बरे आहेत, यात वादच नाही. पुण्यात खोलीचं भाडं भरायला, भरतीच्या फॉर्मचे पैसे उभे करायला ते नक्की उपयोगी पडतात. २०२३ च्या तलाठी भरतीत खुल्या प्रवर्गाला एका अर्जासाठी १ हजार रुपये मोजावे लागले होते. साधारण साडेचार हजार जागांसाठी १० लाखांवर अर्ज आले. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ पदांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज. म्हणजे शंभर जण धावतात आणि एक जण पोहोचतो. उरलेल्या नव्व्याण्णवांना विद्यावेतन मिळालं तर वाईट काय? वाईट काहीच नाही. प्रश्न एवढाच की ते मिळाल्यावर पुढच्या वर्षी शंभरात एकाचे दोन होणार आहेत का. तसं होत नसेल तर ती सोय झाली, उपाय नाही.

ही काही फक्त महाराष्ट्राची गोष्ट नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांची कारकीर्द बेरोजगारीच्या आकड्यावर तोलायची जुनी सवय आहे. १९८० मध्ये जिमी कार्टर हरले तेव्हा तिथे बेरोजगारी साडेसात टक्क्यांच्या आसपास होती. १९८४ मध्ये रोनाल्ड रेगन ५० पैकी ४९ राज्यं जिंकले, तेव्हा ती ७ टक्क्यांच्या थोडी वरच होती. आकडा जवळपास तोच, निकाल उलटा. फरक असा की कार्टर यांच्या शेवटच्या वर्षात आकडा चढलेला होता आणि रेगन यांच्या काळात १९८२ च्या शेवटी १०.८ टक्क्यांपर्यंत गेलेला आकडा खाली येत होता. मतदार आकड्यापेक्षा दिशा बघतो. नेत्यांनी हे केव्हाच ओळखलंय. म्हणून निवडणुकीच्या तोंडावर दिशा सुधारल्यासारखी दिसली पाहिजे, याची धडपड सगळीकडे चालते.

त्याच अमेरिकेतलं दुसरं उदाहरण जास्त कामाचं आहे. १९३३ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट आले तेव्हा तिथला साधारण दर चौथा कामगार बेकार होता. त्यांनी तरुणांना जंगलात, उद्यानांत कामाला लावणारी मोठी योजना काढली. महिन्याला ३० डॉलर, त्यातले २५ थेट घरी जायचे. तीही तात्पुरतीच होती. पण रूझवेल्ट तिथे थांबले नाहीत. १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षेचा कायदा करून बेकारी भत्त्याला त्यांनी कायद्याचा आधार दिला. १९३६ मध्ये बेकारी पूर्ण हटली नव्हती, तरी ते ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. योजना संपली, कायदा राहिला.

आणि हे शिकायला आपल्याला अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. अनसिंगवरून रस्ता पुसदला जातो. त्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. त्यांच्या काळात १९७२ मध्ये रोजगार हमी योजना आली. कल्पना वि. स. पागे यांची, सांगली जिल्ह्यातल्या विसापूर भागात आधी करून बघितलेली. त्याच सुमारास मोठा दुष्काळ पडला. आजी-आजोबांना विचारा, खडी फोडणं, पाझर तलाव, सुकडी हे शब्द त्यांच्या तोंडून आपोआप निघतील. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. दुष्काळ सरला तसं सरकारला हात झटकून मोकळं होता आलं असतं. तसं झालं नाही. १९७५ मध्ये पगारदारांवर व्यवसाय कर बसला, जो आजही पगारपत्रकात महिन्याला २०० रुपये म्हणून कापला जातो. १९७७ मध्ये कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितलं तर द्यावं लागेल, नाही दिलं तर भत्ता द्यावा लागेल. २००५ च्या देशव्यापी रोजगार हमी कायद्याची पायवाट इथूनच निघाली.

रोहयोत सगळं छान होतं असं नाही. बोगस हजेरीपत्रकं, उशिरा मिळणारी मजुरी, या तक्रारी गावागावात ऐकायला मिळतात. पण एक मोठी गोष्ट तिने केली. मजूर साहेबाकडे ‘द्या हो काहीतरी’ म्हणून जात नव्हता, ‘माझा हक्क आहे’ म्हणून जाऊ शकत होता. त्यासाठी पैसा कुठून येणार हेही लिहून ठेवलेलं होतं. सरकारं बदलली तरी योजना बदलली नाही. ‘लाडका भाऊ’मध्ये नेमकं हेच नाही. मुदत सरकार ठरवणार, वाढ सरकार देणार, बंदही सरकारच करणार. आपल्या हातात फक्त वाट बघणं आणि आंदोलन करणं.

आंदोलन निरुपयोगी असतं असं मात्र नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने बाहेरच्या संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला होता. राज्यभर तरुण चिडले आणि २० ऑक्टोबरला उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो रद्द करत असल्याचं जाहीर केलं. दीड महिन्यात सरकार मागे आलं. पण नीट बघितलं तर तिथे आपण एक चुकीची गोष्ट थांबवली, हवी असलेली गोष्ट मिळवली नाही. नको ते थांबवायला गर्दी पुरते. हवं ते मिळवायला नेमकी मागणी लागते.

ती मागणी करताना पहिली अडचण येते आकड्यांची. सरकारी पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये देशात १५ ते २९ वयोगटात बेरोजगारी १०.२ टक्के होती. पण या मोजणीत घरच्या शेतात बिनपगारी राबणाराही ‘रोजगारात’ धरला जातो. म्हणजे एम.ए. होऊन बापाच्या चार एकरांत सोयाबीनला फवारणी करणारा आपला मित्र बहुतेक वेळा बेरोजगार म्हणून मोजलाच जात नाही. त्या सोयाबीनला २०२४ मध्ये ४,८९२ रुपये हमीभाव असताना बाजारात त्यापेक्षा कमी मिळत होते, तरीही तो ‘रोजगारात’च. शिकलेल्यांचं चित्र वेगळं काढलं की मग खरी कळ कळते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्थेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये पदवीधर तरुणांत बेरोजगारी २९.१ टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. याचा अर्थ शिक्षण वाईट असा नाही. शिकलेल्याला शोभेल असं काम तयारच होत नाहीये, असा आहे.

आणि आकडा नकोसा असला की तो मागेही राहतो. २०१७-१८ चा ६.१ टक्क्यांचा आकडा सरकारने अधिकृतपणे जाहीर केला ३१ मे २०१९ ला. निवडणूक झालेली होती, नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधी आदल्या दिवशी उरकला होता.

म्हणून पुढच्या वेळी मत मागायला कुणी आलं, ग्रामपंचायतीचं असो की विधानसभेचं, तर ‘नोकऱ्या द्या’ असं मोघम बोलून उपयोग नाही. त्यावर ‘देऊ की’ हे उत्तर तयारच असतं. तीन गोष्टी विचारू या. पहिली, आपल्या तालुक्यातल्या सरकारी कार्यालयांत आणि शाळांत किती मंजूर पदं रिकामी आहेत, आणि ती कुठल्या महिन्यात भरणार? दुसरी, ज्यांनी ११ महिने प्रशिक्षण घेतलं त्यातल्या किती जणांना नंतर काम मिळालं, याची तालुकावार यादी जाहीर करणार का? तिसरी, पुढची योजना काढाल तेव्हा ती कायद्यात बसवणार का, की पुन्हा निवडणुकीपुरती?

वाशीम हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला जिल्हा आहे. आकांक्षा सरकारने कागदावर लिहिली, ती बाळगून बसलो आहोत आपण. पक्ष कोणताही असो, सत्तेवरच्या माणसाला तरुणांची भीती वाटते हे २०२४ ने दाखवून दिलं. त्या भीतीची किंमत एकदा १० हजारांत चुकती झाली. पुढच्या वेळी ती कायद्याच्या कलमात मागायची की पुन्हा ६ महिन्यांच्या विद्यावेतनात, हे आपण काय मागतो त्यावर ठरेल.