वीज फिनिक्सला, धूर नावाहोंना

ग्रँड कॅन्यनचे फोटो तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी येऊन गेलेच असतील. लालसर कडे, खोल दरी, वर निळंशार आकाश. पण 1980च्या दशकात हिवाळ्यात या दरीवर धुरकट पडदा पसरायचा. त्याचा एक उगम जवळच, ॲरिझोनातल्या पेज गावाशेजारी होता. नावाहो जनरेटिंग स्टेशन हे कोळशावर चालणारं 2,250 मेगावॉटचं वीज केंद्र. (आपलं चंद्रपूर 2,920 मेगावॉटचं आहे, त्यावरून आकाराचा अंदाज घ्या.) 1991 मध्ये अमेरिकी सरकारने हुकूम काढला की, इथलं सल्फर डायऑक्साइड 90 टक्क्यांनी कमी करा. 1999 पर्यंत तिन्ही संचांवर तशी यंत्रणा बसली.

आता गंमत बघा. हा हुकूम निघाला तो 'दृश्यमानते'च्या नियमाखाली. म्हणजे पर्यटकाला समोरचा कडा नीट दिसावा म्हणून! ज्यांच्या जमिनीवर ते केंद्र उभं होतं, त्या नावाहो लोकांची फुफ्फुसं हे त्यामागचं कारण नव्हतं.

नावाहो स्वतःला 'दिने' म्हणवतात. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या राज्यांत पसरलेला त्यांचा प्रदेश जवळपास 70 हजार चौरस किलोमीटरचा, अमेरिकेतलं सर्वांत मोठं आदिवासी राखीव क्षेत्र. पेजचं केंद्र याच जमिनीवर, न्यू मेक्सिकोतलं 'फोर कॉर्नर्स'ही याच जमिनीवर आणि 2022 मध्ये बंद झालेलं 'सॅन हुआन' अगदी शेजारी. पेजची वीज ॲरिझोना, नेवाडा आणि लॉस एंजेलिसपर्यंत जायची. कोलोरॅडो नदीचं पाणी उपसून फिनिक्स आणि टूसॉनला नेणारे पंपही तिच्यावरच चालायचे. आणि नावाहोंच्या हजारो घरांत मात्र आजही विजेची जोडणी नाही.

चिमणीतून निघणारी काजळी डोळ्यांना दिसते, पण खरा धोका न दिसणाऱ्या कणांचा. सल्फर आणि नायट्रोजनची ऑक्साइडं हवेत मिसळली की त्यांचे अतिसूक्ष्म कण बनतात, केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनही लहान. ते थेट फुफ्फुसांच्या तळाशी पोचतात. दमा बळावतो, हृदयावरही ताण येतो.

यात एक गुंता आहे. वीज नाही म्हणून अनेक नावाहो घरं थंडीत शेगडी पेटवतात, लाकडाची नाहीतर कोळशाची. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण विभाग आणि दिने कॉलेज यांनी शिपरॉक गावात पाहणी केली, तेव्हा काही घरांत कोळशासाठी न बनवलेल्या शेगड्यांतच कोळसा जळत होता. मग दम्याचा दोष त्या शेगडीवर टाकायचा का? तसं म्हणणं सोपं आहे. पण शेगडी का पेटते, हेही विचारायला हवं ना! 2015 मध्ये फोर कॉर्नर्सच्या मालक कंपन्यांनी सरकारशी तडजोड केली. त्यात प्रदूषण रोखणाऱ्या यंत्रणेसोबत नावाहोंच्या जुन्या शेगड्या बदलण्यासाठी आणि श्वसनविकारांच्या उपचारांसाठीही पैसे ठेवावे लागले. म्हणजे चिमणी आणि शेगडी यांचा हिशेब निदान एका कागदावर तरी आला.

पेजचं केंद्र नोव्हेंबर 2019 मध्ये बंद झालं. कारण मुख्यतः बाजाराचं होतं, नैसर्गिक वायू कोळशापेक्षा स्वस्त पडू लागला होता. हवा सुधारली, पण शेकडो नोकऱ्या गेल्या, त्यातल्या बहुतेक नावाहोंच्याच. शेजारच्या हॉपी जमातीच्या सरकारचं उत्पन्न तर कोसळलंच. कायेंटाच्या खाणीतून आसपासच्या कुटुंबांना घरात जाळायला कोळसा मिळायचा, तीही सोय संपली.

फोर कॉर्नर्सचे तीन संच 2013 अखेर थांबले, उरलेले दोन अजून चालू आहेत. कायेंटाजवळ आता नावाहोंच्या स्वतःच्या वीज संस्थेचं सौर केंद्र आहे. आणि 2019 पासून 'लाइट अप नावाहो' या मोहिमेत इतर राज्यांतल्या वीज संस्थांचे लाइनमन तिथे येऊन खांब रोवतात. घरं इतकी विखुरलेली की एका कुटुंबाच्या दिव्यासाठी लांबच लांब तार ओढावी लागते, आणि तीही कधीकधी शहरांकडे जाणाऱ्या उच्चदाबाच्या वाहिन्यांच्या खालून.