विषयांची मोट कशी बांधावी?

बारावीचा निकाल लागला की पांढुर्णा-सौंसरच्या घरोघरी एकच प्रश्न उठतो : “आता कोणती शाखा?” शाखा ठरली की जन्माची वाट ठरली, अशी आजवरची समजूत. ती धरून ठेवण्याचे आता कारण नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार मध्यप्रदेशात २०२१ पासून मुख्य विषयासोबत गौण आणि वैकल्पिक विषय निवडण्याची सोय झाली आहे. विद्यार्थ्याला आपली पदवी काही अंशी आपणच घडविता येते.

परंतु मोकळीक मिळाली म्हणजे शहाणपण मिळाले, असे नव्हे. मित्राने घेतले म्हणून किंवा पेपर सोपा म्हणून घेतलेले विषय ही नुसती रास होय. आमच्या मते आधी प्रश्न निवडावा, मग विषय. आपल्या संत्र्याच्या बागेचेच पाहा. झाडाला ताण देऊन बहार धरला तरी फळगळ का होते, हे वनस्पतिशास्त्राला विचारावे. मातीचे दुखणे रसायनशास्त्राला. भरघोस पिकाच्या वर्षी भाव का कोसळतो, हे अर्थशास्त्राला. आणि जे कळले ते बागेतल्या माणसाला समजावयाचे, तर मराठी हवीच. एका संत्र्यात इतक्या विषयांच्या फोडी आहेत!

तथापि एक विषय तरी खोल हवा. गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे मुळात गणिती. प्राचीन नाणी तोलून, त्यांच्या झिजेला संख्याशास्त्र लावून त्यांनी इतिहासाचा शोध घेतला; भर्तृहरीच्या सुभाषितांची संहिताही संपादिली. क्षेत्रे अनेक, पण गणिताचा पाया पक्का.

पालक विचारतील, “नोकरीचे काय?” प्रश्न रास्त आहे. शिक्षकाच्या किंवा अन्य पदासाठी कोणते विषय लागतात, हे प्रवेशापूर्वीच पाहून घ्यावे. लहान गावच्या महाविद्यालयात सर्व विषय नसतात, हेही खरे. मुलगा नागपूरला जातो. मुलीला मात्र पुष्कळदा जे गावात मिळेल तेच घ्यावे लागते. ‘स्वयम्’ या सरकारी व्यासपीठावरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक विद्यापीठांना ४० टक्क्यांपर्यंत मान्य करता येतात. आपल्या महाविद्यालयात ही सोय आहे काय, याची चौकशी पालकांनी मुलीसाठी आवर्जून करावी.

विद्यार्थिमित्रहो, प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी कोऱ्या कागदावर एकच ओळ लिहा : मला काय जाणून घ्यावयाचे आहे? ती ओळ ज्याला लिहिता आली, त्याची निम्मी पदवी तेथेच जुळली, असे आम्ही समजतो.