अर्ज नको, नमुना दाखवा

रहिमतपूरच्या बाजारपेठेतून जाताना पूर्वी दुकानांच्या पाट्या वाचण्यातही मजा असे. कोणती पाटी कोणत्या पेंटरच्या हातची, हे अक्षरावरून ओळखू येई. त्या पाट्या गेल्या आणि फ्लेक्स आले. पेंटरचा मुलगा आता संगणकापुढे बसून वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फोटो जुळवतो. बापाचे हुनर त्याच्या हातात आहे, नजरही आहे. पण त्याच्या मेहनतीचा हिशेब चौरस फुटावर होतो. कल्पना नामी असो वा टाकाऊ, दर तोच. या मुलाने जाहिरात संस्थेच्या क्रिएटिव्ह विभागात का जाऊ नये, असा माझा सवाल आहे. तिथे निदान कल्पनेला दाम मिळतो.

माझ्या ओळखीच्या एका तरुणाने तसा प्रयत्न केला. दोन वर्षांत मुंबईच्या संस्थांकडे तीसेक अर्ज पाठवले. प्रत्येकात नाव, पत्ता, शिक्षण आणि शेवटी ‘संधी मिळावी ही नम्र विनंती’. एकाचेही उत्तर आले नाही. ‘आपले नाव पाहूनच बाजूला टाकतात,’ असे तो मला म्हणाला. नावामुळे कुठेच अडत नाही, असे मी म्हणणार नाही. मुंबईत भाड्याची खोली शोधणाऱ्याला ते विचारावे. पण मी त्याचा अर्ज वाचला. त्यात त्याच्या हातचे एकही काम नव्हते. कापडाच्या व्यापाऱ्यांना वेगळे सांगायला नको. थान बांधून ठेवले आणि वर ‘माल उत्तम आहे’ अशी चिठ्ठी लावली, तर गिऱ्हाईक घेईल काय? थान उलगडून दाखवावे लागते.

शिवाय या धंद्यात आपल्या नावाची माणसे अगदी वरपर्यंत गेलेली आहेत. अलिक पदमसी यांनी लिंटास ही मोठी संस्था चालवली. सर्फची ललिताजी घराघरांत पोचली ती त्यांच्या काळात. मोहम्मद खान हे १९७३ साली रेडिफ्यूजन सुरू करणाऱ्यांपैकी एक. पुढे १९८३ मध्ये त्यांनी एंटरप्राइज ही स्वतःची संस्था काढली. ही सारी इंग्रजी वर्तुळातली मंडळी, आमच्या तालुक्याच्या पोराचे तिथे काय काम, असे कोणी म्हणेल. तर अरुण कोलटकर आपल्या शेजारच्या कोल्हापूरचे. मराठीतला एवढा मोठा कवी, पण पोटापाण्यासाठी त्यांनी मुंबईत जाहिरात संस्थांमधून कला दिग्दर्शकाचे काम केले आणि त्यातही नाव कमावले. पीयूष पांडे मूळचे जयपूरचे. क्रिकेट खेळले, चहाच्या कंपनीत नोकरी केली आणि १९८२ मध्ये ओगिल्वीत गेले. तेही आधी ग्राहकांशी व्यवहार पाहणाऱ्या विभागात. लेखनाकडे ते नंतर वळले. २०२५ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या फेविकॉलच्या जाहिरातींची आठवण सर्वांनी काढली. फेविकॉलचे खरे गिऱ्हाईक सुतार. सुतार कसा बोलतो, कशाला हसतो, हे ज्याला ठाऊक, त्यालाच अशी जाहिरात सुचते. आमच्या मुलांना ते जन्मापासून ठाऊक आहे.

आता तिथले काम कसे चालते ते पाहू. क्रिएटिव्ह विभागात साधारणपणे दोघांची जोडी असते. एक मजकूर लिहिणारा कॉपीरायटर, दुसरा चित्र आणि मांडणी पाहणारा आर्ट डायरेक्टर. माल कोणाला विकायचा आणि त्याला कोणती एक गोष्ट सांगायची, हे एका कागदावर त्यांच्या हाती येते. त्यावर ते दहा कल्पना काढतात आणि वरिष्ठ त्यातल्या नऊ फेकून देतात. तेव्हा तुम्हाला कामावर घेणारा प्रमाणपत्रे नंतर पाहतो; आधी पाहतो ते तुमचे डोके कसे चालते.

म्हणून नमुन्यांची फाईल तयार करावी. आठ ते दहा कामे पुरेत. त्यात एक जरी कच्चे काम असले, तरी पाहणाऱ्याच्या ध्यानात तेच राहते. सर्वांत चांगले काम पहिले ठेवावे, त्याच्या खालोखालचे शेवटी. अजून कोणी काम दिले नाही, ही सबब चालणार नाही. आपणच आपल्याला काम द्यावे. आपल्या कोरेगाव तालुक्याच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. दाण्यावर वाघासारखे पट्टे, म्हणून ते नाव. पुण्याच्या गृहिणीने तो दुकानात मागून घ्यावा, यासाठी तीन जाहिराती करा. अब्बांच्या दुकानासाठी एक करा, गल्लीतल्या शिंप्यासाठी एक करा. प्रत्येकाखाली दोन ओळी लिहा: कोणाला विकायचे होते आणि ही कल्पना का निवडली. ते काम सरावासाठी केले असेल तर तसे स्पष्ट लिहा. दुसऱ्याने काढलेले चित्र आपले म्हणून दाखवू नका. या धंद्यात लोक एकमेकांना ओळखतात. खोट्या मापाची बातमी बाजारात पसरायला वेळ लागत नाही.

सोबतचे पत्र सहा-सात ओळींचे असावे. ‘संबंधित अधिकारी’ यांच्या नावे पाठवू नये. क्रिएटिव्ह विभाग कोण पाहतो त्याचे नाव शोधून त्यालाच लिहावे. त्या संस्थेची कोणती जाहिरात आवडली आणि का, हे एका वाक्यात सांगावे. पहिल्याच पत्रात नोकरी मागण्यापेक्षा पंधरा मिनिटे मागावीत: काम पाहून मत द्यावे. जे दोष सांगतील ते मुकाट्याने लिहून घ्यावेत आणि महिन्याभरात दुरुस्त काम घेऊन पुन्हा जावे. उस्तादाने टाका उसवून परत घालायला लावला म्हणून शागीर्द रुसत नाही. अनेक ठिकाणी परीक्षेचे काम देतात, तेही करावे. मात्र महिनोन् महिने फुकट राबवून घेणाऱ्यांपासून सावध राहावे. उमेदवारी किती दिवसांची आणि मोबदला काय, हे लेखी घ्यावे. दारूसारख्या मालाची जाहिरात करायची नसेल, तर तेही सुरुवातीलाच सांगावे. नंतर कुरकुर करण्यापेक्षा ते बरे.

चित्रकलेची आवड असणाऱ्याने शाळेतच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा द्याव्यात. बारावीनंतर उपयोजित कलेच्या पदवीसाठी प्रवेश परीक्षा असते. मुंबईच्या जे. जे. मध्ये हे शिक्षण १९३५ पासून आहे. मजकूर लिहिणाऱ्याला मात्र अशी कोणतीही पदवी लागत नाही. त्याने वाचावे आणि रोज लिहावे. घरातली दखनी, बाजारातली मराठी, शाळेतली हिंदी, आणि कुठे थोडी उर्दू. एवढ्या बोली एका तोंडात असणे ही मोठी पुंजी आहे.

वाट सोपी आहे, असे मी सांगणार नाही. चित्र काढून देणारी यंत्रे आली आहेत. मोठ्या संस्था एकमेकींत विलीन होत आहेत. ओम्निकॉमने इंटरपब्लिक हा दुसरा बलाढ्य समूह २०२५ मध्येच विकत घेतला. अशा वेळी जागा कमी होतात. पण यंत्राने हातकामाचा दर पाडला, म्हणून तर कल्पनेकडे वळणे अधिक निकडीचे झाले आहे. मुंबईत लगेच जमले नाही, तर सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे येथील लहान संस्थांत दोन वर्षे काढावीत. तिथे एकाच माणसाला सगळे शिकावे लागते.

शेवटी दुकानदार बंधूंना एक विनंती. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमध्ये कोल्हापुरीसारखी पायताणे मांडली आणि केवढा गदारोळ झाला! माल आपल्या कारागिराचा होता. तो जगापुढे मांडण्याची कला दुसऱ्यांकडे होती. ही कला आपल्या घरात यायची असेल, तर सुरुवात आपल्या गल्ल्यापासून करा. येत्या सणाला दुकानाची जाहिरात गल्लीतल्याच एखाद्या होतकरू मुलाकडून करून घ्या आणि कल्पनेचे पैसे त्याला वेगळे द्या, फुटावर मोजू नका. त्याच्या फाईलमधला पहिला खरा नमुना तोच ठरेल.